कोंबड्यांची जाळी आणि सालेकसातली मोटार

आमच्या हाफिसात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवं पोरगं येऊन विचारतं, "सर, प्रोजेक्टसाठी वायरलेस मॉड्यूल कुठलं घेऊ?" त्याच्या मोबाईलवर पाच-सहा मॉड्यूलं आधीच निवडून ठेवलेली असतात. प्रत्येकाच्या नावापुढे 'रेंज ५ किलोमीटर', 'रेंज १० किलोमीटर' असं छापलेलं. अपेक्षा अशी की मी एकावर बोट ठेवावं आणि त्याने कार्टात टाकावं. मी त्याला १९७५ सालात घेऊन जातो. पोरगं कंटाळतं, पण माझा नाइलाज आहे. रेडिओ निवडणं म्हणजे मुळात काय, हे जितकं त्या सालात उघडं दिसतं तितकं कुठल्याही डेटाशीटमध्ये दिसत नाही.

तर १ ऑगस्ट १९७५. त्या दिवशी 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट हे त्याचं पूर्ण नाव. नासाशी करार १९६९ सालीच झाला होता. एटीएस-६ हा अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी आपल्या बाजूला सरकवून घ्यायचा आणि त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवायचा, असा बेत. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम. रोज चार तास. इस्रोकडून ह्या कामाची धुरा वाहणाऱ्यांत दोन मराठी नावं ठळक आहेत : कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे. आपल्याकडे रॉकेट उडालं की पेढे वाटतात. गावातल्या टीव्हीसाठी वर्ष-वर्ष खपलेल्या माणसांची नावं मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही सापडत नाहीत. असो.

आता गणित बघा. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. त्यावरच्या प्रक्षेपकाची ताकद ८० वॅट, म्हणजे तुमच्या छताच्या पंख्याइतकी. आणि खाली खेड्यात, जिथे कधीकधी वीजही नाही, तिथे चित्र नीट दिसायला हवं. ह्यातला अवघड भाग कुणी उचलायचा? उत्तर असं निघालं की उपग्रहाने. एटीएस-६ ला ९ मीटर व्यासाची अँटेना होती. रॉकेटमध्ये मिटवून नेलेली, वर गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी. ती ऊर्जा इकडेतिकडे न सांडता जमिनीच्या एका तुकड्यावर टाकायची, त्यामुळे ८० वॅटचा परिणाम दोनएक हजार पट व्हायचा. एवढं ओझं वरच्याने घेतल्यावर खालच्या खेड्याला तीन मीटरची साधी छत्री पुरली. आणि ती छत्री कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची!

हा विनोद नाही, शुद्ध भौतिकशास्त्र आहे. उपग्रह बोलत होता ८६० मेगाहर्ट्झवर. ह्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. जाळीची भोकं त्याच्या मानाने इतकी बारीक की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच भासते. वारा मात्र आरपार जातो, पाऊस आरपार जातो, वजन कमी, किंमत कमी, बैलगाडीतून नेता येते. हीच योजना खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला आखली असती तर लहर आखूड झाली असती, भोकांतून गळू लागली असती आणि गावोगावी गुळगुळीत धातूच्या थाळ्या न्याव्या लागल्या असत्या. म्हणजे खेड्यातल्या सुताराला-लोहाराला दुरुस्त करता येईल अशी अँटेना हवी की नको, ह्याचा निर्णय फ्रिक्वेन्सी ठरवताना होऊन गेला होता. (जाता जाता : श्रीलंकेत राहणाऱ्या आर्थर सी. क्लार्कच्या घरीही इस्रोच्या लोकांनी असा एक संच नेऊन बसवला होता. उपग्रहाची कल्पना ज्याने १९४५ सालीच मांडली त्याला एवढा मान द्यायलाच हवा.)

आणखी एक बारकावा, जो मी त्या पोरांना दोनदा सांगतो. साइटच्या संचात पहिली इलेक्ट्रॉनिक डबी टीव्हीच्या मागे नव्हती, ती अँटेनेपाशीच होती. ती ८६० मेगाहर्ट्झचा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणायची आणि मग केबलने घरात पाठवायची. कारण अशक्त सिग्नल उंच फ्रिक्वेन्सीला लांब केबलमधून आणला तर तो वाटेतच अर्धमेला होतो.

साइटच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश. मध्य प्रदेशातली खेडी होती रायपूरच्या बाजूची, म्हणजे आजचं छत्तीसगड. आता नकाशा काढा. नागपूरहून हावड्याकडे जाणारी रेल्वे धरा. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग बोगदा आणि घाट ओलांडून डोंगरगड, पुढे राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. सालेकसापासून रायपूर दीडएकशे किलोमीटर. उपग्रहाला राज्याच्या सीमा कळत नाहीत. त्या चार तासांत सिग्नल सालेकसाच्या धानाच्या बांध्यांवरही पडतच होता. फक्त तो झेलायला खाली जाळी नव्हती. सालेकसा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला), आणि भंडारा महाराष्ट्रात, म्हणून यादीत नाही. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला, उपग्रह परत गेला.

सालेकसा मला माहीत असण्याचं कारण एक मोटार. गाडी नव्हे, विदर्भात मोटार म्हणजे विहिरीवरचा पंप! माझ्या एका सहकाऱ्याचं गाव त्या तालुक्यात आहे. घर गावात, शेत सव्वा किलोमीटरवर जंगलाच्या कडेला. उन्हाळी धान लावलेलं, आणि थ्री-फेज कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की त्याच्या वडिलांना बाराएकला उठून स्टार्टर दाबायला जावं लागे. हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा वगैरे पाहायला माणसं ह्या भागात हौसेने येतात, पण तेच जंगल रात्री हातात बॅटरी घेऊन एकट्याने तुडवायचं असेल तर गंमत उरत नाही. बिबट्या आहे, अस्वल आहे. काकाजींचं मत : "वाघ दिसला तं तो आपल्या रस्त्यानं जाते. अस्वलाचा काही नेम नाही, बाप्पा." मोबाईलवरून चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात, पण त्यांच्या विहिरीपाशी रेंजची एक काडी, तीही वारा येईल तशी. तेव्हा घर ते विहीर असा स्वतःचा रेडिओ दुवा टाकायचा ठरलं, आणि मग तोच प्रश्न आला. मॉड्यूल कुठलं?

पहिला उमेदवार सगळ्यांच्या मनात असतो तोच, २.४ गिगाहर्ट्झ. वाय-फाय, ब्लूटूथ, सगळी स्वस्त मॉड्यूलं इथेच. पण हा पट्टा लोकप्रिय का झाला त्याचा इतिहास थोडा गंमतीचा आहे. १९४७ साली अटलांटिक सिटीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा तुकडा कारखाने, प्रयोगशाळा आणि दवाखान्यांतल्या यंत्रांसाठी बाजूला काढला. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातच बसले. संदेशवहनवाल्यांच्या दृष्टीने ही उकिरड्याची जागा, कारण तिथे गोंगाट. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ह्या उकिरड्यावर विनापरवाना रेडिओ चालवायची मुभा दिली, आणि पुढे त्यातूनच वाय-फाय उगवलं. आपल्याकडे २.४ चा दरवाजा घराबाहेरच्या वापरासाठी उघडला तो जानेवारी २००५ मध्ये. त्याआधी आपला कारभार १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा ह्यांवर चालायचा. रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टात फी भरून लायसन्स घ्यावं लागे. ते ऐंशीच्या दशकात गेलं. तुमच्या आजोबांच्या कपाटात ते पुस्तक अजून असेल, बघा.

थोडक्यात २.४ हा पट्टा दूर जातो म्हणून निवडला गेलेला नाही, फुकट होता म्हणून गर्दी झाली. हॉलमधून बेडरूममध्ये जायला तो उत्तम. सालेकसात मधे झाडं आहेत.

झाडांचं नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक प्रोजेक्ट मार खातात. रेडिओतला हिशेब डेसिबलमध्ये होतो. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सव्वा किलोमीटर मोकळ्या हवेत २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ८६५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलपेक्षा सुमारे ९ डेसिबल जास्त कमी होतो, म्हणजे जवळपास आठपट. (पोथीतला आक्षेप मला माहीत आहे : हा फरक खरं तर अँटेना छोटी होण्यामुळे पडतो. कबूल. पण मॉड्यूलबरोबर येणारी अँटेना फ्रिक्वेन्सीनुसार छोटीच असते, त्यामुळे नुकसान व्हायचं ते होतंच.) त्यात शंभर मीटर दाट झाडी मोजा. वाइसबर्गरचं १९८२ चं सूत्र अजून वापरतात. त्याने ८६५ ला साधारण १९ डेसिबल जातात, २.४ ला २५-२६. दोन्ही मिळून फरक १५-१६ डेसिबलचा, तीस-चाळीस पट. आणि ही झाली कोरडी पानं. आषाढात भिजलेल्या मोहाच्या आणि बांबूच्या बेटातून जायचं असेल तर आणखी धरा. 'रेंज ५ किलोमीटर' हे मैदानातलं, कोरडं, दोन्ही टोकं उंचावर ठेवून मोजलेलं असतं.

मग खाली ४३३ मेगाहर्ट्झवर का जाऊ नये? झाडं त्याला आणखी कमी अडवतात, मॉड्यूलंही ढिगाने मिळतात. अडचण कायद्याची. आपल्याकडे २०१२ मध्ये ४३३-४३४ हा तुकडा मोकळा केला तो घराच्या आतल्या वापरासाठी आणि १० मिलीवॅटपर्यंत. विहीर घरात नसते.

उरला ८६५. आपल्याकडे २००५ मध्ये तो आधी मालावरच्या रेडिओ-चिठ्ठ्यांसाठी, म्हणजे आरएफआयडीसाठी, मोकळा झाला. तेव्हा पट्टा ८६५ ते ८६७ एवढाच होता. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. प्रक्षेपक १ वॅटपर्यंत, अँटेनेसकट विकिरण ४ वॅटपर्यंत. शेतातल्या मोटारीला ह्याच्या दहाव्या हिश्श्यातही काम भागतं. साइटचा उपग्रह ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता त्याच्या शेजारच्याच घरात आपण येऊन पोचलो, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

इथे एक व्यावहारिक सूचना. जालावरच्या एका दुकानातून आम्ही पहिल्यांदा मागवलेली मॉड्यूलं ८६५ ची म्हणून आली आणि निघाली ९१५ ची, अँटेनेसकट. हा पट्टा अमेरिकेचा. तिकडे ९०२ ते ९२८ मोकळं आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ ह्या भागात मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे ते मॉड्यूल लावून आपण शेजाऱ्याच्या फोनवर आरडाओरडा करणार. 'चालतं ना, मग काय' हा युक्तिवाद कृपया करू नका. मॉड्यूलावर आपल्या दूरसंचार खात्याची मान्यता आहे का तेही बघा. आणि अँटेना वेगळी तपासा : पाव लांबीची तार ८६६ ला साधारण सव्वाआठ सेंटिमीटर भरते. ४३३ साठी बनवलेली लांब दांडी लावली की 'मोठी आहे, जास्त चालेल' असं वाटतं, तसं नसतं.

मॉड्यूलमध्ये लोरा घेतलं. हे तंत्र फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीत जन्मलं, ती २०१२ मध्ये सेमटेकने घेतली. सिग्नल एका सुरात न पाठवता तो खालून वर सरकत नेतात, शिटी वाजवल्यासारखा. त्यामुळे गोंगाटाच्या पोटातूनही तो ओळखता येतो. बदल्यात वेग मरतो. सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगला सेकंदाला तीनेकशे बिट, बस. आपल्या लोकांना हे पचत नाही. मोटार चालू, मोटार बंद, फेज आहे, फेज नाही, पाणी आलं, एवढा विदा दोन बाइटांत मावतो, पण आमचा सहकारी सवयीने जेसन पाठवायला निघाला होता. :)

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचा मॉड्यूलशी काही संबंध नाही : उंची. रेडिओचा मार्ग म्हणजे दोन टोकांमधली दोरी नव्हे, मधे फुगलेली काकडी असते. ८६६ मेगाहर्ट्झला सव्वा किलोमीटरच्या मध्यावर ह्या काकडीची त्रिज्या दहा मीटर भरते, आणि तिचा बराचसा भाग जमिनीत आणि झाडांत घुसतो. जमिनीलगतच्या दुव्यात एका टोकाची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबल मिळतात, म्हणजे ताकद चौपट केल्याचा फायदा. दोन मीटरचे चार मीटर करायला एक जीआय पाइप लागतो. तेवढीच कमाई वॅट वाढवून करायची तर बॅटरी, सोलर पॅनल, उष्णता, सगळं वाढतं.

म्हणून ओझं वाटून टाकलं. विहिरीपाशी जागा कमी, माकडं फार, स्टार्टरच्या पेटीला कुणाचाही हात लागणार. तिथे साधी उभी डायपोल, आंब्याच्या वर न जाता जेवढी जाईल तेवढी. घराकडे माडीवर उंच पाइप, त्याच्या टोकाला चांगली अँटेना. आणि साइटवाल्यांकडून शिकलेली गोष्ट : मॉड्यूल वरच, अँटेनेच्या पोटाशी, पाणी न शिरणाऱ्या डबीत. खाली फक्त वीज आणि संथ विद्याच्या तारा. साध्या आरजी-५८ केबलमध्ये ह्या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्धा डेसिबल जातो, सहा मीटर केबल म्हणजे अर्धी ताकद गेली. पाइपाला मात्र नीट अर्थिंग दिलं. पूर्व विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं आणि गुरं मरतात, तिथे घराच्या माडीवर उंच लोखंड उगाच उभं करायचं नसतं. आणि प्रोग्राममध्ये एक नियम : विहिरीकडून ठरावीक वेळात उत्तर नाही आलं तर घरातला दिवा लाल, आणि मोटार स्वतःहून बंद.

घराकडची ती चांगली अँटेना म्हणजे यागी. तुमच्या लहानपणी गच्चीवर होती तीच. ॲल्युमिनियमच्या काड्यांची, जिच्यावर कावळे बसायचे. एकाने वर जाऊन फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" ही जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ साली जन्मली. बरंचसं काम शिंतारो उदा ह्यांचं, नाव मात्र त्यांच्या वरिष्ठांचं, हिदेत्सुगु यागींचं गाजलं. (हाफिसात असं होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांचं अभिनंदन.) जपानमध्ये तिची फारशी कदर झाली नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर घेतलं तेव्हा त्यांच्या हाती एका ब्रिटिश रडार-तंत्रज्ञाची वही लागली. तिच्यात जागोजागी 'यागी' हा शब्द. हे काय आहे म्हणून त्यांनी त्या कैद्याला विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव.

यागी ताकद निर्माण करत नाही. ती सगळीकडे सांडणारी ताकद एका दिशेला वळवते, म्हणून दुसरं टोक कुठे आहे हे आधी माहीत हवं. विहीर हलत नाही, त्यामुळे आम्हाला ते सोपं गेलं. ह्याच गोंदिया जिल्ह्यात अशी एक जमात आहे जिला ही सोय नाही, ती म्हणजे वाघांच्या मागे फिरणारी माणसं.

वाघाच्या गळ्यातल्या कॉलरीत रेडिओ बसवणं ही माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात अवघड निवड. अँटेना जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, ओल्या मानेला चिकटलेली, झुडपांत. बॅटरी बदलता येत नाही. म्हणून जवळून शोधायला कॉलरी १५० मेगाहर्ट्झच्या आसपास टिक-टिक करतात. लहर दोन मीटरची, पानांना फारशी न जुमानणारी. शिवाय अनेक कॉलरी जागेची नोंद उपग्रहाकडे पाठवतात. इथे ओझं साइटच्या बरोबर उलट बाजूला आहे. प्रक्षेपकाकडून काही मागता येत नाही, सगळं ऐकणाऱ्याने उचलायचं. नागझिऱ्याचा जय २०१३ मध्ये तिथून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला कॉलर घातली, ती बंद पडली, मार्च २०१६ मध्ये दुसरी घातली, आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. त्याचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. म्हणजे रात्रीचं शेत, तिथली वीज आणि जंगल ह्यांची गाठ दोन्हीकडून जीवघेणी.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, दोघींच्या गळ्यात कॉलरी घालून. अशा कॉलरीचा माग जमिनीवरून काढायचा तर माणूस हातात तीन काड्यांची यागी धरून चढावर उभा राहतो. १५० मेगाहर्ट्झला त्या काड्या जवळजवळ मीटरभर लांबीच्या असतात, करवंदीच्या जाळीत अडकतात. तो ती सावकाश गोल फिरवतो, कानाला रिसीव्हर, आणि टिक-टिक जिकडे सगळ्यात मोठी ऐकू येईल तिकडची दिशा वहीत लिहून पुढच्या टेकाडाकडे निघतो.